पडदा इथे, यंत्र तिथे

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा हे गाव गोदावरीच्या दक्षिणेकडील मुलखात वसले आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या मुलखावर निजामाचा अंमल होता. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यास जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या, दप्तराची भाषा फारसीची उर्दू झाली आणि उर्दूची मराठी झाली. परंतु रयतेच्या वाट्यास आलेली एक पायपीट मात्र कोणत्याही राजवटीने चुकविली नाही. ज्या कागदावर आपले नाव, आपल्या बांधाची हद्द आणि आपल्याकडील साऱ्याची बाकी लिहिलेली आहे तो कागद नजरेखालून घालावयाचा, तर तो जेथे ठेवला असेल तेथे, मग ती गेवराईची तहसील असो, बीडची कलेक्टर कचेरी असो अथवा त्याहून वरचे हुजूर दप्तर असो, माणसाने स्वतः उठून जावे, हा जणू सृष्टिनियमच होता. विद्येचीही हीच गत होती. ग्रंथ, गुरू आणि यंत्र ही जेथे असतील तेथे विद्यार्थ्याने जावे आणि ती जागा सुटली की विद्येशी असलेला त्याचा प्रत्यक्ष संबंधही सुटावा.

संगणक या देशात आला तेव्हा आरंभी त्यानेही हाच दंडक पाळला. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे त्या काळी प्रचंड सामर्थ्याचे म्हणून गणले जाणारे यंत्र बसविण्यात आले, आणि ज्यांना आपली गणिते त्याच्याकडून सोडवून घ्यावयाची असत ते संशोधक ती छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवून, कार्डांचे गठ्ठे यंत्रशाळेत दाखल करून, छापील निकालाची वाट पाहत बसत. पुढे तारेच्या टोकाशी टंकयंत्र आले, त्यामागून अक्षरे दाखविणारा पडदा आला आणि यंत्राशी दुरून बोलता येऊ लागले; परंतु ते बोलणे बहुतांशी अक्षरांचे होते. आलेख पाहावयाचा, नकाशा न्याहाळावयाचा, एखाद्या तारकासमूहाचे चित्र डोळ्यांखाली घालावयाचे, तर बहुधा यंत्राच्या सन्निध जाऊनच बसावे लागे, कारण चित्र दाखविणारा पडदा सहसा यंत्राच्या अंगालाच जखडलेला असे. ही गाठ कोणी व कशी सोडविली, ती सुटल्यावर कोणते नवे भय उभे राहिले, त्या भयाचा बंदोबस्त कसा झाला आणि ही सारी विद्या आपल्या मराठी मुलखात कशी उतरली, याची हकीकत संगणकाच्या इतिहासात एका कोपऱ्यात पडून राहिली आहे. ती सविस्तर सांगण्याजोगी आहे असे मला मनापासून वाटते.

१९८३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या साहाय्याने प्रोजेक्ट अथेना नावाचा उपक्रम आरंभिला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही खोलीत कोणत्याही यंत्रापुढे बसावे आणि त्यास आपले काम तेथे दिसावे, ही त्यामागील आकांक्षा होती. परंतु दोन कंपन्यांची यंत्रे दोन प्रकारची, एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना, मग एकाचे चित्र दुसऱ्याच्या पडद्यावर कोठून उमटणार? त्याच सुमारास त्याच संस्थेच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत बॉब शाइफ्लर हे आर्गस नावाच्या प्रणालीवर काम करीत होते. ही प्रणाली एकाच वेळी अनेक यंत्रांवर विभागून चालत असल्यामुळे तिच्यातील दोष शोधावयाचे तर त्या सर्व यंत्रांचा कारभार एका पडद्यावर, वेगवेगळ्या खिडक्यांतून, एकदम पाहता येणे आवश्यक होते. अथेनाकडे असलेले डिजिटल कंपनीचे जिम गेटिस यांची गरज निराळी, तरी उपाय एकच होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी तयार केलेली एक खिडक्यांची प्रणाली शाइफ्लर यांच्या हाती आली. तिच्यात प्रत्येक आज्ञेमागे उत्तराची वाट पाहावी लागे. शाइफ्लर यांनी ती रीत मोडली आणि आज्ञा पाठवीत जावे, उत्तरासाठी खोळंबू नये, अशी योजना केली. १९ जून १९८४ रोजी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांस या नव्या रचनेची वर्दी दिली. एक्स विंडो प्रणालीचा जन्म तो हाच.

ज्या पडद्यावर ही प्रणाली प्रथम उमटली तो व्हीएस १०० नावाचा पडदा होता. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, आडवे १०८८ आणि उभे ८६४ ठिपके दाखविणारा हा पडदा काचतंतूच्या तारेने व्हॅक्स नावाच्या यंत्राशी जोडलेला असे. पडदा आणि यंत्र यांच्यामध्ये ही जी तार होती तिच्यात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे, कारण शाइफ्लर आणि गेटिस यांनी पडद्याचा कारभार पाहणारा भाग आणि प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानली, आणि त्यांच्यातील व्यवहार असा आखून दिला की मधली तार दोन हातांची आहे की दोनशे कोसांची, हे त्या दोघांपैकी कोणासही विचारावे लागू नये. प्रोग्राम सांगतो : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ, या चौकटीत ही अक्षरे मांड, हा भाग काळ्या रंगाने भर. पडद्याचा कारभारी ती आज्ञा पार पाडतो आणि माउस कोठे हलला, कोणती कळ दाबली गेली, याची इतल्ला उलट प्रोग्रामला देतो. चित्राऐवजी चित्र काढण्याची आज्ञा प्रवासास निघते. या रचनेत पडदा ज्याच्यापुढे आहे त्याच्याकडे सेवा पुरविणाऱ्या सर्व्हरचे स्थान येते, आणि दूरचे महायंत्र, ते कितीही बलाढ्य असो, त्या पडद्याच्या दारी अर्जदार म्हणून उभे राहते. नव्याने शिकणाऱ्यास ही गोष्ट उलटी वाटते, आणि तरीही या प्रणालीचे सारे मोठेपण मला तिच्यातच दिसते.

पुढील प्रगती वेगाची होती. १५ सप्टेंबर १९८७ रोजी अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिचे नियम इतके विचारपूर्वक बांधलेले होते की आजतागायत बारावी आवृत्ती काढण्याची पाळी आली नाही. १९८८ साली तिच्या सांभाळासाठी कंपन्यांचा एक संघ स्थापन झाला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकमेकींच्या यंत्रांवर चालणारा एकच नियमग्रंथ मान्य करावा, ही त्या काळच्या व्यापारी जगात दुर्मिळ गोष्ट होती. ती घडण्याचे एक कारण असे की मूळ प्रणाली संस्थेने मुक्तपणे, विनामूल्य वाटून टाकली होती.

याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे उभारावयास घेतले. त्यात मुंबईच्या दोन संस्था अग्रभागी होत्या : पवईची आयआयटी आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील या जुहूच्या केंद्रातून देशाच्या संशोधकांची पत्रे परदेशी जाऊ लागली, आणि अमेरिकेशी जोडणारी जी पहिली स्थिर तार तेथे आली तिची गती सेकंदाला ९६०० बिट होती. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. व्हीएस १०० च्या पडद्यावर सुमारे ९ लक्ष ४० हजार ठिपके मावत. ते सर्व एकेक करून त्या तारेने धाडावयाचे म्हटले तर केवळ एक पडदाभर चित्र उमटण्यास दीड मिनिटाहून अधिक काळ लागला असता, तोही त्या वेळी देशातील इतर कोणाचेही पत्र त्या तारेवरून जात नसेल तर. अशा तारेवर खिडक्यांचा विचार कोण करणार? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, तेव्हाही स्वस्तातले खाते केवळ अक्षरांचे होते आणि चित्रे दाखविणारे खाते त्याहून कितीतरी महाग होते. ऐपत कमी त्याला अक्षर, ऐपत अधिक त्याला चित्र, असा तो बंदोबस्त होता, आणि बीडसारख्या जिल्ह्यास तर त्या वेळी दोन्हींचा स्पर्श नव्हता.

तिकडे परदेशी विद्यापीठांच्या आवारांत एक्स प्रणाली मुबलक वापरली जात असता तिच्या पोटातील एक दोष हळूहळू उघडकीस आला. एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांच्या आवारात ती जन्मास आली होती, आणि म्हणून ज्या प्रोग्रामला एकदा पडद्यावर प्रवेश मिळाला त्याला तिने जवळजवळ सर्वाधिकार देऊन टाकले होते : शेजारच्या खिडकीत काय दिसते ते त्याने पाहावे, दुसऱ्याच प्रोग्रामसाठी दाबलेल्या कळा त्याने टिपून घ्याव्यात. प्रवेशाचे नियमही सैल होते. अमुक यंत्राकडून येणाऱ्या सर्वांस मुभा, अशी एक ओळ लिहिली की त्या यंत्रावरील बऱ्यावाईट सर्वांस दार उघडे होई. पुढे १२८ बिटांचा एक गुप्त परवाना निघाला आणि तो दाखवील त्यालाच आत घ्यावे असे ठरले; परंतु हा परवाना आणि त्यामागून येणारे सर्व संभाषण तारेवरून उघडेच जात असे. वाटेत कान लावून बसलेल्यास परवाना उचलणे कठीण नव्हते. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी टेलनेट किंवा आरलॉगिन ही जी साधने होती त्यांतून तर पासवर्डसुद्धा अक्षरशः जसाच्या तसा वाहत असे.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच एका चोराने कान लावला आणि हजारो पासवर्ड गोळा केले. त्या विद्यापीठातील संशोधक टाटू युलोनेन यांनी या प्रकाराने अस्वस्थ होऊन काही महिन्यांत एक नवे साधन लिहिले. आरलॉगिन आणि टेलनेट यांची जागा घेणारे, सर्व संभाषण सांकेतिक लिपीत गुंडाळून धाडणारे असे हे साधन म्हणजेच सिक्युअर शेल, अथवा रूढ भाषेत एसएसएच. इंटरनेटवर प्रत्येक सेवेस एक क्रमांकाचे दार नेमून दिलेले असते; २१ क्रमांक फाइलींच्या देवघेवीचा, २३ क्रमांक टेलनेटचा. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी ही दारे वाटून देणाऱ्या अधिकाऱ्यांस जुलै १९९५ मध्ये विनंती केली आणि ते दार त्यांना मिळाले. त्याच महिन्यात त्यांनी आपले साधन जगास खुले केले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ते पन्नास देशांतील सुमारे वीस हजार माणसे वापरू लागली होती. पासवर्डाचे रक्षण हे या साधनाचे प्रधान प्रयोजन खरे. परंतु युलोनेन स्वतः अशा विद्यापीठात वावरत होते जेथे खिडक्यांचे प्रोग्राम दुरून चालविणे नित्याचे होते, आणि म्हणून आरंभापासूनच त्यांनी एक्स प्रणालीच्या संभाषणासही त्या सुरक्षित वाटेत जागा करून दिली.

ही जागा कशी केली ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात मोठी कुशलता आहे. त्यासाठी आधी एक जुना दाखला घेतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी आरंभी उल्लेखिलेल्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या काळी छावणीतून निघालेला महत्त्वाचा खलिता थैलीत घालून, मोहोर करून, विश्वासू जासुदाच्या हाती दिला जाई; वाटेत कोणी तो वाचू नये आणि पोचल्यावर तो खरोखर धन्याचाच आहे अशी खात्री पटावी, या दोन्ही गोष्टी त्या मोहोरेने साधत. एसएसएचची भिस्त याच दोन गोष्टींवर आहे, परंतु एक्सच्या बाबतीत ते एक पाऊल पुढे जाते. वापरणारा आपल्या यंत्रावरून एसएसएचची आज्ञा देताना तिच्यापुढे आडवी रेघ आणि मोठा एक्स लिहितो. पलीकडील यंत्राच्या चालकाने मुभा ठेवली असेल, तर ते यंत्र आपल्या घरातच एक आभासी पडदा मांडते. खऱ्या पडद्याचे दार ६००० क्रमांकाचे. हा आभासी पडदा बहुधा दहाव्या क्रमांकाचा म्हणून त्याचे दार ६०१०. तेथील प्रोग्रामला सांगितले जाते की तुझा पडदा तो हाच, आणि त्यासाठी एक परवानाही दिला जातो. मात्र हा परवाना बनावट असतो; वापरणाऱ्याच्या बाजूच्या एसएसएचने तो त्याच बैठकीपुरता तयार केलेला असतो. प्रोग्राम तो दाखवितो, त्याचे सर्व बोलणे सांकेतिक लिपीत बंद होऊन अलीकडे येते, येथे एसएसएच त्या बनावट परवान्याची रुजवात पाहते आणि तो बरोबर जुळला तरच त्याच्या जागी खरा परवाना ठेवून संभाषण खऱ्या पडद्याकडे सोडते. घरचा खरा परवाना घराबाहेर कधी पडतच नाही. वापरणाऱ्यास यांतील काहीच करावे लागत नाही. त्याने प्रोग्रामचे नाव लिहावे आणि खिडकी आपल्या पडद्यावर उघडावी, एवढाच त्याचा अनुभव.

पुढे युलोनेन यांनी कंपनी काढली आणि नव्या आवृत्त्यांवर बंधने येऊ लागली, तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून आपले ओपनएसएसएच सिद्ध केले. १ डिसेंबर १९९९ रोजी ते ओपनबीएसडीच्या २.६ आवृत्तीबरोबर बाहेर पडले आणि काही वर्षांतच बहुतेक सर्वत्र रूढ झाले. पलीकडील यंत्रच जर फितूर निघाले तर तेथील प्रोग्राम आपल्या पडद्यावर हेरगिरी करू शकेल, ही भीती उरलीच होती; म्हणून २००४ साली ओपनएसएसएचने परक्या प्रोग्रामला मर्यादित अधिकार आणि विश्वासातल्या प्रोग्रामला पूर्ण अधिकार असे दोन मार्ग वेगळे केले. विश्वास कोणावर आणि किती ठेवावयाचा हा निर्णय पडद्यापुढे बसलेल्या माणसाच्या हाती आला, हे मला अत्यंत न्याय्य वाटते.

महाराष्ट्रात या विद्येचे खरे घर पुणे. १९८८ साली तेथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे सुपुत्र विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. महासंगणकापुढे पडदा ठेवून कोणी बसत नाही. त्याच्या दारी एसएसएचने जावे लागते, आणि गणिताचे फलित चित्ररूपाने पाहावयाचे असेल तर खिडकी आपल्याकडे ओढून घ्यावी लागते. परंतु या साधनाची गरज जेथे मला सर्वांत स्पष्ट दिसते ते स्थान म्हणजे जुन्नर तालुक्यातील खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत आणि उरलेल्या तीन बाहूंवर दूरवर विखुरलेल्या आहेत, त्यामुळे टोकाच्या दोन तबकड्यांतील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. आकाशातून आलेले तरंग टिपून जी आकड्यांची रास जमा होते ती प्रचंड असते. ती प्रत्येक अभ्यासकाने आपल्या घरी वाहून नेण्यापेक्षा ती जेथे आहे तेथील यंत्रावर गणित करावे आणि केवळ चित्र पाहावे हेच शहाणपणाचे.

आणि चित्र पाहिल्याशिवाय येथे चालतच नाही. एखाद्या मोबाइलच्या मनोऱ्याचा, वीजवाहिनीच्या ठिणगीचा अथवा विमानाच्या संदेशाचा उपद्रव निरीक्षणात मिसळलेला असतो. तो वगळावयाचा तर आकड्यांचा चौकोनी पट पडद्यावर मांडून, जेथे अनैसर्गिक उजळ पट्टे दिसतील तेथे माउसने खूण करून, तेवढा भाग बाद करावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेने केलेली एआयपीएस ही जुनी प्रणाली या कामासाठी जगभर वापरली गेली, आणि तिचा चित्रे दाखविणारा भाग एक्स प्रणालीवरच उभा आहे. यंत्राचा हिशेब आणि माणसाचा डोळा यांचा असा मिलाफ दुरून साधावयाचा म्हणजे चित्र इकडे आले पाहिजे आणि माउसची खूण तिकडे गेली पाहिजे, तीही ताबडतोब. शाइफ्लर यांनी आखलेला व्यवहार याहून चपखल कोणत्या कामी आला असता?

ताबडतोब या शब्दापाशी मात्र या विद्येची परीक्षा होते. एक्सच्या नियमांत बहुतेक आज्ञांना उत्तराची गरज नसली तरी काही प्रश्न असे आहेत की उत्तर आल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही : पडदा किती मोठा, अमुक नावाचा क्रमांक कोणता, तमुक रंग मिळेल का. एकाच आवारात हा प्रश्न जाऊन उत्तर येण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो, मोबाइलच्या जाळ्यावरून त्याच्या शंभरपट लागू शकतो. खिडकी उघडताना एखाद्या प्रोग्रामने असे दोनशे प्रश्न एकामागून एक विचारले तर आवारात ती पापणी लवते तोच उघडेल आणि गावात वीस सेकंद लागतील, तार कितीही रुंद असली तरी. कीथ पॅकार्ड आणि स्वतः जिम गेटिस यांनी २००३ साली या प्रश्नाची कसोशीने मोजणी करून दाखविले की दोष तारेच्या रुंदीपेक्षा या जाण्यायेण्याचा आहे, आणि तो बहुतांशी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या निष्काळजीपणातून येतो. त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट घडत होती. नवे प्रोग्राम रेघा आणि अक्षरे काढण्याच्या आज्ञा पाठविण्याऐवजी सारे चित्र आपल्याकडेच रंगवून तयार ठिपके धाडू लागले होते. शाइफ्लर यांचा मूळ करार असा आतून झिजत गेला. त्यावर तोड म्हणून केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये निघालेले व्हीएनसी, इटलीच्या नोमशीन कंपनीचे एनएक्स, आणि तार तुटली तरी खिडकी जिवंत ठेवणारे एक्सप्रा, अशी साधने पुढे आली.

सामान्य रयतेची दप्तराची पायपीट यांपैकी कशानेही थांबली नाही, ती ब्राउझरने थांबविली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला तो वेबच्या मार्गाने. एक्सची वाट मोजक्या अभ्यासकांची राहिली. ती चकलांब्यापर्यंत पोचली ती एका आपत्तीमुळे.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्यात शिकणारी मराठवाड्याची मुले मिळेल त्या वाहनाने गावी परतली. वसतिगृहे रिकामी झाली, प्रयोगशाळांना कुलपे लागली. परंतु कुलपाआड कितीतरी संगणक चालूच होते. चकलांब्यास परतलेल्या पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थ्याचे काम मी त्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी बसून पाहिले. घरात रेंज येत नसे, म्हणून फोन माळवदाच्या कठड्यावर उन्हाला आडोसा करून ठेवलेला, आणि खाली सोप्यात जुना लॅपटॉप. त्याने एसएसएचची आज्ञा दिली, आडवी रेघ, मोठा एक्स, आणि संभाषण आवळून धाडण्यासाठी मोठा सी. पासवर्ड गेला. मग त्याने प्रथम केवळ एक घड्याळ उघडून पाहिले. काटे असलेले ते साधे गोल घड्याळ एक्सबरोबर आरंभापासून येते आणि वाट मोकळी आहे की नाही हे पाहण्यासाठी जगभर तेच उघडतात. घड्याळ उमटले. त्यावर त्याने ग्नूप्लॉट चालवून आपल्या आकड्यांचा आलेख काढला, आणि तो पाहता पाहता पडद्यावर उभा राहिला, कारण ग्नूप्लॉट १९८६ सालचा. तो अजूनही रेघ ओढण्याच्या आज्ञा पाठवू शकतो. तोच आलेख नव्या पद्धतीच्या प्रोग्रामने काढला तेव्हा खिडकी बराच वेळ करडी राहिली आणि मग वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी भरत गेली. पॅकार्ड आणि गेटिस यांनी मोजून दाखविलेला फरक मला तेथे डोळ्यांनी दिसला.

दुपारी वीज गेली, थोड्या वेळाने फोनची रेंजही गेली, आणि पडद्यावरील सर्व खिडक्या एकदम मिटल्या. एक्सच्या या रीतीत तार तुटली की पलीकडील प्रोग्रामचाही अंत होतो. त्या मुलाने हे अनुभवाने जाणले होते, म्हणून लांबलचक गणित त्याने पलीकडील यंत्रावर स्क्रीन नावाच्या साधनाच्या आश्रयाने स्वतंत्र चालू ठेवले होते. ते फाइलीत आपले आकडे लिहीत राही, आणि खिडकी फक्त पाहण्यापुरती उघडावी असा त्याने नेम केला होता. संध्याकाळी रेंज आली, त्याने पुन्हा आत जाऊन पाहिले, तर गणित पुढे सरकलेले होते. ज्याच्या घरी सामर्थ्यवान यंत्र नाही, वीज आणि रेंज यांचा भरवसा नाही, त्याने पुण्याच्या बंद प्रयोगशाळेतील यंत्र आपल्या सोप्यातून चालवावे, हे अथेनाच्या त्या श्रीमंत आवारातील विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या योजनेचे फार दूरवर आलेले फळ होते, आणि माझ्या मते ते तिच्या मूळ उद्देशाहूनही मोलाचे होते.

दरम्यान एक्सचा उत्तरकाळ सुरू झाला होता. २००८ साली क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या रचनेस आरंभ केला. सर्व प्रोग्राम आपले चित्र स्वतःच रंगवितात ही वस्तुस्थिती तिने मान्य केली आणि पडद्याच्या कारभाऱ्याकडे ती चित्रे एकत्र जुळविण्याचेच काम ठेवले. एका खिडकीने दुसरीवर हेरगिरी करण्याची जुनी सोयही तिने बंद केली. परंतु दूरच्या पडद्याचा विचार तिच्या मूळ नियमांत नाही. २०१६ मध्ये फेडोरा या मुक्त प्रणालीने वेलँड आपलेसे केले आणि २०२५ साली रेड हॅट कंपनीच्या प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा मूळ सर्व्हर काढून टाकण्यात आला. वेलँडच्या खिडक्याही एसएसएचच्या वाटेने आणणारे वेपाइप हे साधन २०१९ मध्ये निघाले आहे. ते आज्ञांऐवजी आवळलेली चित्रे धाडते, म्हणजे त्याला रुंद तार लागते, आणि ती रुंदी आता खेड्यांतील मोबाइलच्या जाळ्यांतही पुष्कळ वाढली आहे. जुन्या प्रोग्रामांसाठी वेलँडच्या आश्रयाने एक्सवेलँड नावाचा छोटा एक्स सर्व्हर मात्र कायम ठेवलेला आहे. एसएसएचपुढे मोठा एक्स लिहिला की बनावट परवान्याची तीच देवघेव होते, ६०१० चे तेच दार उघडते, आणि ग्नूप्लॉटचा आलेख व एआयपीएसचे चित्र त्याच्यावर अजून उमटते.